शंभर मीटरच्या आत

मामाने कठड्यापासून समोरच्या कॉफीच्या दुकानापर्यंत पावलं मोजली. एकवीस भरली. "म्हणजे पंधरा मीटर धर," तो म्हणाला, "आणि वर माणसं राहतात? यांना शंभर मीटरचा नियम नाही का गं?"

आम्ही बल्गेरियातल्या प्लोवदिवमध्ये जुमाया मशिदीसमोर उभे होतो. कठड्याखाली दुसऱ्या शतकातल्या रोमन क्रीडांगणाचं उत्तरेचं टोक आहे. अर्धवर्तुळात उतरत गेलेल्या संगमरवरी बाकांच्या १४ रांगा, पायऱ्यांलगतच्या बाकांना सिंहाचे पंजे कोरलेले. मूळ क्रीडांगण सुमारे २४० मीटर लांब, ३०,००० प्रेक्षक मावतील एवढं. त्यातलं हे एक टोक उघडं आहे. उरलेलं हमरस्त्याच्या आणि दुकानांच्या पोटात आहे. एका कपड्यांच्या दुकानाच्या तळघरात शर्टांच्या रांगा ओलांडून गेलं की तेच बाक दिसतात. मामा तिथे बराच वेळ उभा राहिला.

त्याच्या प्रश्नामागे त्याचं घर आहे. शनिवारवाड्याजवळचा आमच्या आजोळचा वाडा. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० ला झालेल्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. आतल्या घरांना डागडुजी करता येते, तीही परवानगीनेच. मामाच्या मागच्या भिंतीला दोन पावसाळ्यांपूर्वी फुगवटा आला. त्याचा अर्ज दोनदा परत आला. दुसऱ्यांदा कारण होतं, नकाशाची प्रत अस्पष्ट आहे. तोवर वरच्या मजल्यावरचे भाडेकरू सोडून गेले. हिस्सेदार म्हणतात, पडू दे एकदाचा.

पुण्यात यावरून वाद पेटला की दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो नियम काढून टाका, दुसरा म्हणतो एक इंचही हलवू नका. मी बल्गेरियात राहायला आल्यापासून सात वर्षं दुसऱ्या बाजूने बोलत आले. घरच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज लिहिले. मामाची भिंत मी तेव्हा पाहिलेली नव्हती.

संध्याकाळी त्याला रोमन नाट्यगृहात नेलं. पहिल्या शतकाच्या अखेरचं हे बांधकाम गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात उकरून, सांधून उभं केलं आणि १९८१ पासून तिथे पुन्हा प्रयोग होतात. उन्हाळ्यात ऑपेरा असतो. कोणत्या गणाच्या लोकांनी कुठे बसायचं ते बाकांवर ग्रीक अक्षरांत कोरलेलं आहे आणि आज त्याच बाकांवर माणसं उशी घेऊन बसतात. रंगमंचाच्या पाठीमागे, खाली, टेकडीच्या पोटातल्या बोगद्यातून गाड्या बाहेर पडतात. प्रकाशयोजनेची तालीम चालू होती. एक मुलगा खांबामागून वायर ओढत होता आणि प्रत्येक वेळी वायर दगडाला घासू नये म्हणून खाली कापड सारत होता. मामाने ते मला कोपराने ढोसून दाखवलं.

हे शहर निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. सात टेकड्यांतली एक, मार्कोवो टेपे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फरसबंदीच्या दगडासाठी फोडून संपवली. आज त्या नावाचा मॉल आहे. बिशपच्या बॅसिलिकेची, म्हणजे एका प्राचीन चर्चची, मोझेकची फरशी १९८० च्या दशकात रस्त्याच्या कामात सापडली आणि लोकांना बघायला मिळाली २०२१ मध्ये. शंभराहून अधिक पक्षी आहेत त्या मोझेकवर, आणि प्रवेशालाच एक मोर, पैठणीच्या पदरावरून उतरल्यासारखा. जुन्या गावातली लाकडी सज्जांची घरंही सुरेख जपली आहेत, पण त्यातली पुष्कळशी आता संग्रहालयं नाहीतर चित्रदालनं. रात्री त्या गल्ल्यांमधून फोडणीचा वास येत नाही. मला ते खुपतं. पेठांचं असं झालेलं मला नको आहे.

आणि फरकही मोठा आहे. बल्गेरियाची लोकसंख्या घटते आहे, पुण्यात इंचाइंचाला भाव आहे. उद्या १०० मीटरची अट उठवली तर दिल्ली दरवाजाच्या डोक्यावर बारा मजले उभे राहतील, आणि मामाला त्यातलं काही मिळणार नाही. म्हणून संरक्षण हवंच. पण शनिवारवाड्याभोवतीच्या भरवस्तीला आणि एखाद्या माळावरच्या एकाकी मंदिराला एकच फूटपट्टी का? प्रत्येक स्मारकासाठी वेगळे उपविधी करायची तरतूद २०१० च्या त्याच कायद्यात आहे. ते करताना आतल्या शंभर मीटरमधल्या राहत्या घरांचाही विचार व्हावा: जुन्याच जोत्यावर, जुन्याच उंचीचं घर पुन्हा बांधू द्या, चुना आणि लाकूडकामाला पैशांची मदत द्या, अर्जाला ठरलेल्या मुदतीत उत्तर द्या. १८२८ च्या आगीनंतर शनिवारवाड्याचे तट, दरवाजे आणि जोती उरली. त्याच्याभोवती पेशवाईतल्या पुण्याची काही खूण उरली असेल तर ती या पडक्या घरांत आहे, आणि ती घरं आपण नियमाच्या आत राहून एकेक पावसाळ्याने घालवतो आहोत.

प्लोवदिवने रस्ता बंद न करता खालचं क्रीडांगण जपलं. जिथे उघडता आलं तिथे उघडलं, बाकी ठिकाणी वरचं शहर चालू ठेवलं. बायका भाजीच्या पिशव्या घेऊन कठड्याला टेकून गप्पा मारतात, पोरं बाकांवर आइस्क्रीम खातात. त्या जागेला कुणी उपरं वाटत नाही.

गेल्या रविवारी मामाचा फोन आला. मागच्या भिंतीला सागाचे दोन टेकू लावलेत. आणि परत गेल्यावर त्याने टेप घेऊन मोजलं म्हणे: स्मारकाच्या हद्दीपासून आमच्या उंबऱ्यापर्यंत ब्याऐंशी मीटर.

"अठराने हुकलो गं," तो म्हणाला, आणि मग प्लोवदिवच्या त्या वायर ओढणाऱ्या मुलाबद्दल विचारू लागला.