ड्रायव्हरचे ठोके आणि मामांची गोळी

परवा सकाळी मामांनी हृदयाचे ठोके आटोक्यात ठेवणारी गोळी घेतलीच नाही. का, म्हणून विचारलं तर त्यांनी मोबाइल पुढे केला. ग्रुपाग्रुपांत फिरणारा तोच मेसेज: 'फॉर्म्युला वनच्या ड्रायव्हरचे ठोके दोन तास 200 वर असतात, त्याला काही होत नाही. ठोके वाढणं म्हणजे निव्वळ भीती. हातमोज्यातला सेन्सर सगळं टिपतो, पण टीव्हीवर दाखवत नाहीत, कारण दाखवलं तर डॉक्टरांचं दुकान बंद होईल.' मामांच्या अँजिओप्लास्टीला अजून वर्षही झालेलं नाही. संताप आला, म्हणून लिहितेय.

आधी तो 200चा आकडा. हृदयाची कमाल गती काढायचा ढोबळ हिशेब म्हणजे 220 वजा वय. फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर फर्नांडो अलोन्सो 1981 सालचा. त्याची कमाल येते 175च्या आसपास. माणसागणिक हा आकडा मागेपुढे होतो, पण स्वतःच्या कमाल मर्यादेवर दोन तास कुणीच टिकत नाही. शर्यतीत ठोके 160-170च्या घरात राहतात, तरुण ड्रायव्हरचे मध्येच 180 च्याही वर जातात, एवढं खरं आहे. पण ती वर्षानुवर्षं कमावलेली, तपासलेली शरीरं आहेत. मामा 64 वर्षांचे. त्यांची ढोबळ कमालच 156. म्हणजे ड्रायव्हरची शर्यतीतली सरासरी मामांच्या छताच्याही वर. आणि ही गोळी मनाने अचानक बंद केली, तर छातीत दुखण्यापासून हार्ट अटॅकपर्यंत काहीही होऊ शकतं. मेसेज लिहिणाऱ्याला याची कल्पना तरी आहे का?

भीतीचं म्हणाल, तर ठोके मेहनतीने आणि उकाड्यानेही वाढतात. ब्रेकवर 100 किलोहून जास्त जोर द्यावा लागतो, वळणावर मान स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओढली जाते, अंगावर आगरोधक कपड्यांचे थर असतात. सप्टेंबर 2023 मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी ही मोटारसायकलींची शर्यत झाली. उकाड्यामुळे शर्यत 24 वरून 21 फेऱ्यांवर आणली, तरी दुसरा आलेला होर्हे मार्तीन शर्यत संपल्यावर कोसळला. पाणी कमी पडलं होतं त्याच्या शरीरात. नुसत्या ठोक्यांवरून भीती कुठली आणि उकाडा कुठला, कसं ओळखणार?

हातमोज्याची गोष्ट अर्धी खरी. एफआयएने, म्हणजे मोटारशर्यतींच्या जागतिक संघटनेने, 2018 मध्ये तो सेन्सर फॉर्म्युला वनमध्ये आणला. कोविडमध्ये आपण बोटाला लावायचो त्या ऑक्सिमीटरचंच तत्त्व: नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन. हात हलला की बोटावरचा आकडा कसा भरकटायचा, आठवतंय ना? इथे तर हात स्टिअरिंगवर. तो सेन्सर आहे अपघातानंतर वैद्यकीय पथकाला ड्रायव्हरची अवस्था कळावी म्हणून. प्रेक्षकांना दाखवायला तो बनवलेलाच नाही, मग लपवायचं काय? उद्या कुणी टीव्हीवर दाखवायचं ठरवलंच, तर आधी ड्रायव्हरची संमती हवी. शरीर त्याचं आहे.

मामांनी काल डॉक्टरांना फोन करून गोळी चुकल्याचं सांगितलं. आज सकाळची माझ्यासमोर घेतली. मेसेज तेवढा अजून त्यांच्या मोबाइलमध्ये आहे, आणि तो त्यांनी ज्या चौघांना पुढे पाठवला, त्यातल्या दोघांना मधुमेह आहे. त्यांना मी आज संध्याकाळी फोन करणार आहे.