काकांचा आडवा फोटो

रविवारी सकाळी पोहे-जलेबी पोटात जाते न जाते तोच रामबागेतल्या काकांचा फोन. सायबरवाल्याने फॉर्मसाठीचा फोटो सरळ करून दिला तरी मोबाईलवर ते आडवेच दिसतायत. "तू कॉम्प्युटरमध्ये आहेस ना? दोन मिनिटांचं काम." मागच्या महिन्यात याच न्यायाने मला गीझर बघायला बोलावलं होतं.

दुखणं माहितीतलं होतं. मोबाईल फोटो फिरवत बसत नाही, कसा धरला होता त्याची चिठ्ठी एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोच्या फाईलीतच असलेल्या माहितीच्या कप्प्यात, आकड्याने लिहून ठेवतो. १ म्हणजे सरळ, ६ म्हणजे उजवीकडे ९० अंश फिरवून दाखव. सायबरवाल्याने चित्र फिरवलं आणि चिठ्ठी तशीच सोडली, म्हणून मोबाईल सरळ झालेल्या काकांना पुन्हा पाडत होता. ६ चा १ करायचा, बस. मी शायनिंग मारत हेक्स एडिटर, म्हणजे फाईलीतले कच्चे आकडे बदलायचा प्रोग्राम, उघडला, आणि या आकड्याच्या दोन बाईटांपैकी, म्हणजे दोन घरांपैकी, उलट्या बाईटमध्ये १ टाकला. झाले २५६! चालतात १ ते ८. मोठा बाईट आधी की छोटा, या भांडणातल्या दोन बाजूंना १९८० मध्ये डॅनी कोहेन नावाच्या कॉम्प्युटरवाल्याने बिग एंडियन आणि लिटल एंडियन म्हटलं, गलिव्हरच्या गोष्टीत अंडं कुठल्या टोकाने फोडायचं यावरून मारामाऱ्या करणाऱ्यांवरून. फाईलीत एमएम (मोठा आधी) लिहिलंय की आयआय (छोटा आधी), एवढं आधी बघायचं असतं. नाही बघितलं.

"काका, थांबा, लायब्ररी वापरतो."

"रविवारी बंद असते."

"तशी नाही हो. पायथनची, म्हणजे प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या तयार कोडची. बायनरी फाईल फोल्डरसारखी उघडून एकेक कप्पा दाखवते, हेडर, टॅग, किंमत. हाचोइर नाव आहे."

"काय चोर?"

"हाचोइर. फ्रेंचमध्ये खिमा करायचं मशीन."

इथे माझं चुकलं. काका स्टुलावरून उठलेच. "माझ्या फोटोचा खिमा? आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद, आणि तू इथे बसून, अगं ऐकलंस का, हा खिमा करून राहिलाय!" आतून काकू ओरडल्या, "कुणाचा?" "माझा!" मग शेजारचे जोशी आले, त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं गेलं, फक्त एक्झिफ वगळून. जोशींनी स्क्रीनकडे बघून विचारलं, "हे सगळे आकडे म्हणजे भिया, काकाच का?" हो म्हणालो. फाईलीच्या डोक्याशी असलेले एफएफ डी८ बघून म्हणाले, "डोक्यावर केस नाहीत ते बरोबर आलंय."

दीड तास. चहा एकदाच, तोही जोशींच्या निमित्ताने. सायबरवाल्याने चुकीच्या कामाचे वीस रुपये घेतले, ते मात्र काकांनी बिनतक्रार दिले होते, हे मला आत्तासुद्धा सलतंय.

शेवटी ६ चा १ झाला, मोबाईलवर काका ताठ उभे राहिले. मी म्हटलं, द्या लिंक, अपलोड करून टाकतो.

"कसली लिंक? फॉर्म कागदी आहे. प्रिंट काढून चिकटवायचा."

"अहो, मग कागद फिरवून चिकटवला असता की! दीड तास मी काय करत होतो?"

"तेच तर आम्ही मघापासून विचारून राहिलोय."