बाई, पुन्हा सांगा ना!

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी ३४ वर्षं श्रुतलेखन घेतलं. एक वाक्य तीनदा. पहिल्यांदा ऐकायला, दुसऱ्यांदा लिहायला आणि तिसऱ्यांदा मागच्या बाकावर पेन्सिलीला टोक करत बसलेल्या मंडळींसाठी. तरीही कुणीतरी ‘बाई, पुन्हा सांगा ना’ म्हणायचाच, आणि मी ‘कान घरी ठेवून आलास का रे?’ म्हणून त्याला उभा करायचे. हे सगळं निवृत्तीनंतर फेडावं लागतं, हे मात्र पेन्शनच्या कागदांत कुठं लिहिलेलं नव्हतं.

झालं असं, की आमची पुतणी मिरजेत नर्सिंग करून आता इंग्लंडला निघालीय. कॅनडात जन्मलेल्या वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना काढला. आता इथल्या पोरी उलट दिशेनं निघाल्या, म्हणजे फिटंफाट म्हणायची. पण तिकडच्या नर्सिंग कौन्सिलला आयईएलटीएस नावाच्या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकण्याला ७ बँड लागतात. चाळिसातली साधारण तीस उत्तरं बरोबर यायला हवीत. पोरगी सध्या आमच्याकडे सांगलीत विश्रामबागला राहून तयारी करते. म्हटलं, “आण इकडं. मी घेते तुझं श्रुतलेखन.”

माझं इंग्रजी पाचवीत सुरू झालं, हे खरं. पण २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा ‘स्टँड अप, सिट डाउन’ पोरांना मीच शिकवलं की! अख्खा वर्ग एका हुकमात उठायचा नि बसायचा. आणखी काय यावं लागतं इंग्रजीत?

“काकू, ते एकदाच ऐकवतात,” ती म्हणाली.

“एकदा मोठ्यानं, मग सावकाश...”

“एकदाच. तीस मिनिटं, चाळीस प्रश्न, संपलं.”

हा कसला मास्तर! पण ईर्ष्येनं मीही वही घेऊन शेजारी बसले.

पहिला भाग रोजच्या बोलण्याचा. कुणी बाई फोनवर भाड्याची खोली विचारत होती. हे तर आम्ही वर्षानुवर्षं ऐकतोय, पाणी किती वेळ येतं, नळ कुठला. बाईनं वार सांगितला, ट्यूसडे. मी ठसठशीत लिहिला, स्पेलिंगसकट. तेवढ्यात ती म्हणते, नाही नाही, त्या दिवशी मला जमणार नाही, थर्सडेच बरा. खोडरबर शोधेपर्यंत फोन नंबर सुरू झाला. त्यात ‘डबल फोर’ आलं, ‘ओ’ आलं. मी इमानदारीत आकड्यांच्या मधोमध इंग्रजी ओ काढला. ते शून्य होतं म्हणे. भाडं थर्टीन की थर्टी, यावर आमचे हे बाहेरच्या खोलीतून पेपर खाली न करता म्हणाले, “थर्टीच असणार. तेरात कोण देतंय खोली?” उत्तर बरोबर निघालं. त्यांना इंग्रजी ऐकू आलं नव्हतं, पण व्यवहार कळत होता. परीक्षेचा अर्धा गाभा हाच आहे, हे मला पुढं आठवडाभर कानांचा भुगा झाल्यावर कळलं.

दुसऱ्या भागात एक गृहस्थ बागेचा नकाशा समजावत होते. डावीकडे वळा, तळ्याला वळसा घाला, पुलापलीकडे बघा. त्याच वेळी खाली घंटागाडी आली आणि कुकरनं शिट्टी मारली. मी कॅफे तळ्यात लिहिला.

खरी गंमत शब्दांची. वाचायला दिले तर सगळे ओळखीचे, ऐकायला दिले की एकही ओळख देत नाही. ‘व्हॉट आर यू गोइंग टू डू’ या सहा शब्दांचा त्या तोंडातून ‘वॉच्या गना डू’ असा एकच गोळा बाहेर पडतो. पुतणीनं फोड करून सांगितली. आपण मराठीत पंगतीत वाढल्यासारखं बोलतो, प्रत्येक अक्षराच्या पानात साधारण सारखं पडतं. इंग्रजीत महत्त्वाच्या शब्दांना पळीभर तूप आणि मधल्या ‘ऑफ’, ‘टू’, ‘अँड’ यांना नुसता शिंतोडा. त्यांना वाढलंय हेच कळत नाही.

“शब्द गिळतात मेले,” मी म्हणाले.

“आणि आपण?” ती म्हणाली. “पुस्तकातलं ‘तू काय म्हणतो आहेस’ शिकून एखादा गोरा सांगली स्टँडवर उतरला आणि त्याला कुणी ‘काम्हंतैस?’ म्हटलं, तर?”

३४ वर्षं शुद्धलेखन तपासलेल्या बाईनं यावर काय बोलायचं? मी चहा टाकायला उठले.

तिसऱ्या भागात विद्यार्थी आणि त्यांच्या सरांची प्रकल्पावर चर्चा असते. एकमेकांना इतकं गोड बोलून विरोध करतात, की होकार की नकार कळत नाही. वगळा. चौथा भाग मात्र माझा आवडता. एकच वक्ता, एकच विषय, मध्ये दम खायला थांबणंसुद्धा नाही. त्या दिवशी दीपगृहांवर होतं. पूर्वी वर दिवे कसे पेटवत, राखणारा माणूस एकटा कसा राही. आवाजही काय धीरगंभीर! मी कीर्तनाला बसल्यासारखी मान डोलवत होते. संपल्यावर पाहिलं तर ३१ ते ४० सगळ्या जागा कोऱ्या. पुतणीनं विचारलं, “काकू, लिहिलं का नाही?” मी म्हटलं, “ऐकत होते ना!”

पोरीला ३१ मिळाले, मला १४. त्यातले दोन तिनं कापले. एका ठिकाणी ‘दोन शब्दांत लिहा’ असताना मी तीन लिहिले होते, दुसरीकडे स्पेलिंगात एक आर कमी. एक आर! मी कळवळून म्हणाले, “अगं, कळलंय तर मला!” हेच वाक्य मला अनेक पोरांनी वहीच्या समासापाशी उभं राहून ऐकवलं होतं. तेव्हा काही मी लाल पेन खाली ठेवला नव्हता.

संध्याकाळी भाजीला गेले. कान दिवसभर तापलेले. कृष्णाकाठची वांगी होती, काटेरी, अगदी भरायची.

“कशी दिली रे?”

“चाळीस किलो... न्हाई न्हाई बाई, चुकलो. साठ झाल्यात आज.”

परीक्षेत दुसरंच उत्तर धरायचं असतं, हे आता मला पक्कं ठाऊक होतं. मी चाळीस त्याच्या हातावर ठेवले आणि म्हटलं, “एकदाच ऐकते मी.”