राखणदाराचं कुत्रं पर्वरीत आणताना घ्यायची काळजी

गावच्या राखणदाराचं, म्हणजे शीव राखणाऱ्या देवाचं, कुत्रं तुमच्या मागोमाग शहरात आलं असेल, तर आधी अभिनंदन. ही मंडळी सहसा शीव सोडत नाहीत. आमचं पेडण्याहून आलं, कारण शिवेवर आता दिल्लीकराचं कुंपण आहे आणि कुंपणावर कॅमेरे. त्याला काम उरलं नाही. त्यात जानेवारी २०२३ पासून मोपाच्या नव्या विमानतळावर विमानं उतरायला लागली. आधीच बुजरं, त्यात रात्रभर डोक्यावर दिवे.

बुजरं म्हणजे किती, तर माणूस दिसला की हेच आधी माडाआड. रात्री एकट्यानं वाट चालताना मागून नखांची टकटक ऐकू येते आणि आपण उंबरठा ओलांडला की थांबते. एवढीच त्याची ओळख.

तर आल्या आल्या त्याला गेटवरच्या ॲपमध्ये घाला. भेटीच्या कारणांत ‘राखण’ नाही. ‘डिलिव्हरी’ टाका.

लसीकरणाची गाडी आली की बाजूला घ्या. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर झाला तो या गाडीवरच्या पोरांच्या मेहनतीवर. जाळ्यात काहीच दिसत नसताना त्यांनी नोंद तरी काय करायची?

पार्किंगमध्ये झोपवू नका. तिथं माणसाला जागा नाही.

राहायला वड बघून द्या, पण हायवेपासून लांबचा. मार्च २०२५ मध्ये खाप्रेश्वराच्या वडाचं काय झालं ते पर्वरीकरांना मी सांगायला नको. उड्डाणपुलापुढे देवालाच बिऱ्हाड हलवावं लागलं, तिथं कुत्र्याचं काय घेऊन बसलात!

आणि रोट ठेवताना सोसायटीच्या सौंदर्याचं भान राखा. परवाच्या अमावास्येला आईनं जाड रोट थापला, केळीच्या पानावर गुळाचा खडा ठेवून मागच्या भिंतीशी आंब्याखाली नेऊन ठेवला, पणती लावली. सकाळी पान काळ्या पिशवीत, पणती फुटलेली, जागेला फिनेलचा वास. लिफ्टमध्ये प्लास्टिकच्या पाकिटात नोटीस: ‘भटक्या प्राण्यांस अन्न घालणाऱ्यास रु. ५०० दंड.’ वर सर्वोच्च न्यायालयाचा हवाला! अहो, २२ ऑगस्ट २०२५ चा तो आदेश वाचलात तरी का? खायला घालायच्या जागा ठरवून द्या, असं पालिकांना बजावलंय त्यात. आणि २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे आवारातल्या कुत्र्यांच्या खाण्याची सोय सोसायटीनंच बघायची आहे. तुम्ही पावतीपुस्तक छापलंत! शिवाय भटकं कोण? पिढ्यान्‌पिढ्या एकाच शिवेवर बसलेलं ते, की पेडण्यातून म्हापशाला, म्हापशातून पर्वरीला आलेले आपण? नोटिशीखाली सह्या कुणाच्या, तर सगळ्या गाववाल्यांच्या. जत्रेत गाऱ्हाण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणताना यांचाच आवाज सगळ्यात मोठा. त्याच समितीची सत्यनारायणाची पूजा झाली तेव्हा रात्री साडेअकरापर्यंत लाऊडस्पीकर चालू होता. त्याला दंड नाही. ते सौंदर्यात बसतं.

आवाजानं कुत्रं घाबरलं तर पोलिसांना फोन करा. उचलला तर मलाही कळवा.

जाऊ दे, सल्ले पुरे झाले. जमिनींचे झोन बदलायला नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आलं, ३९-अ आलं, नकाशावर डोंगर पिवळे पडले, तेव्हा ग्रामसभेला तुमच्यापैकी किती जण आला होता? ‘राखणदार बघून घेईल’ म्हणून घरी बसलात. त्याच्याच शिवेतलं भाट, म्हणजे माडांची बाग, विकलंत, त्या पैशांतून इथं फ्लॅट घेतलेत, आणि आता त्याला एक रोट ठेवला तर तुमच्या मार्बलवर मुंग्या येतात? लाज वाटू द्या जरा. नोटीस काढा. दंड मी भरणार नाही. येत्या अमावास्येलाही रोट त्याच आंब्याखाली असेल. फिनेल ओतायचंच असेल तर सकाळी झाडूवालीला पाठवू नका. रात्री बारानंतर स्वतः खाली उतरा, एकटे.