इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगडासारखं पडत नाही

प्रशिक्षणाचं विमान कोसळल्याची बातमी आली की तासाभरात तोच मजकूर ग्रुपांवर फिरू लागतो: “एकच इंजिन असतं, ते बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं. त्यात विमानं जुनाट आणि चालवायला नवशिकी पोरं. दुसरं काय होणार?” मृतदेह अजून घरी पोचलेले नसतात आणि इकडे निकाल लागून गेलेला असतो. याचा मला मनापासून राग येतो.

आधी दगडाचं. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर पुणेकरांनी वर्षानुवर्षं इंजिनच नसलेली विमानं अलगद उतरताना पाहिली आहेत. विमानाला तोलून धरतात ते पंख आणि त्यांवरून वाहणारी हवा. वारा पडलेला असेल तर सेसना १७२ हे चार आसनी छोटं विमान हजार फुटांवरून, इंजिन बंद असतानाही, साधारण अडीच किलोमीटर तरंगत जातं. म्हणूनच शिकवताना इन्स्ट्रक्टर मध्येच थ्रॉटल, म्हणजे इंजिनचा जोर कमी-जास्त करणारा दांडा, मागे ओढतो आणि विचारतो, सांग, कुठल्या शेतात उतरवशील?

खरा घात स्टॉल करतो, म्हणजे पंखांची उचल अचानक तुटणं. पंखाचा हवेशी होणारा कोन सुमारे १५-१६ अंशांच्या पुढे गेला की उचल एकदम घटते, मग इंजिन पूर्ण जोरात चालू का असेना. ६० अंश कलून, उंची न सोडता वळलं तर स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली उचल तुटते तो वेग, ४१ टक्क्यांनी वाढतो. उंचावर असाल तर नाक खाली करून सावरता येतं. उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणावर सावरायला उंचीच उरलेली नसते. टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर धोका मोठा, हे खरं. पण तिथेही अनेकदा जीव जातो तो धावपट्टीकडे परत वळण्याच्या धडपडीत. समोर दिसेल त्या मोकळ्या जागेत उतरा, हे म्हणूनच घोकून घेतात.

जुनाटपणाबद्दल एवढंच, की विमानाची तपासणी उडालेल्या तासांवर आणि ठरावीक कालावधीवर ठरते, नुसत्या वयावर नाही.

आणि नवशिकी पोरं? मार्च २०२३ मध्ये गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून उडालेलं प्रशिक्षणाचं विमान बालाघाटच्या डोंगरात कोसळलं. ऑगस्ट २०२४ मध्ये जमशेदपूरहून निघालेलं सेसना १५२ चांडिल धरणाच्या पाण्यात सापडलं. दोन्ही वेळा शेजारच्या सीटवर इन्स्ट्रक्टर होते, त्यांच्याही हातात कंट्रोल होते आणि तेही गेले. मग दोष फक्त शिकणाऱ्याच्या माथी कसा मारता?

एप्रिल २०१७ मध्ये बिरसीचंच एक विमान वैनगंगेवर, नदीची पातळी मोजण्यासाठी बांधलेल्या रोपवेच्या तारेला धडकलं. दोघं गेले. तार कॉकपिटमधून फार उशिरा दिसते, आधी दिसतात ते खांब, तेही दिसले तर. विमान इतकं खाली का होतं, नदीवरच्या अशा तारा नकाशावर आणि डोळ्यांना दिसाव्यात म्हणून काय केलं जातं, हे त्या फॉरवर्डमध्ये कुणीच विचारत नाही.