न जगलेल्या दिवसांचा सुस्कारा कसा सोडावा

तुम्ही नुकतेच अमेरिकेत आला आहात. बँकेत खातं उघडलंत, सोशल सिक्युरिटी नंबर आला, ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दुसऱ्या खेपेला का होईना पास झालात. आता एकच काम राहिलं. आठवणी जमवायच्या. तुमच्या नव्हे, त्यांच्या.

उन्हाळ्यात कधीतरी शेजारी ग्रिलवर बोलावतीलच. तुमच्या हातात कागदी प्लेट असेल. प्लेटमध्ये खास तुमच्यासाठी वेगळं भाजलेलं कणीस आणि मिरचीशी ओळखही नसलेलं बटाट्याचं सॅलड असेल. अशा वेळी पासष्टीचे एक गृहस्थ बर्गर उलटता उलटता म्हणतील, "एमटीव्हीवर पूर्वी गाणी लागायची." इथे तुम्ही "हो का?" म्हणालात की संपलं, पुढचा अर्धा तास तुम्हाला भारतातल्या उन्हाळ्याबद्दल बोलावं लागेल. त्यापेक्षा सुस्कारा सोडा. नाकाने नको, तोंडाने. मग ग्रिलच्या धुराकडे बघत म्हणा, "पहिलं गाणं इंग्लंडच्या बँडचं होतं, नाही?" १ ऑगस्ट १९८१, मध्यरात्र, द बगल्स. एवढ्यावर तुम्हाला दुसरं कणीस मिळेल.

कुणापुढे कोणत्या सालाचा सुस्कारा सोडायचा, याचं गणित सोपं आहे. समोरच्याच्या जन्मसालात बारा मिळवा. जे साल येईल तो अमेरिकन संस्कृतीचा सुवर्णकाळ, त्यानंतर सगळा कचरा. जन्म १९७०चा असेल तर १९८२, म्हणजे 'ई.टी.' हा सिनेमा. जन्म १९८४चा असेल तर 'फ्रेंड्स' धरा. मग जड आवाजात सांगा की २३६ भागांची न्यूयॉर्कची ती मालिका खरं तर कॅलिफोर्नियात बरबँकच्या स्टुडिओत चित्रित झाली. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी पुन्हा ऐकायला आवडतं. आपल्याकडे सत्यनारायणाची कथा कोण पहिल्यांदा ऐकतं?

एक गोष्ट मात्र चुकूनही काढायची नाही. तुमचे पासष्टीचे गृहस्थ सत्तरच्या दशकासाठी डोळे पुसतात ना, त्या दशकात सगळा देश पन्नास-साठच्या दशकांसाठी डोळे पुसत होता. १९७३ साली 'अमेरिकन ग्राफिटी' हा सिनेमा आला तो १९६२ची हळहळ घेऊन. अवघी अकरा वर्षं! आपल्याकडे एवढ्यात सोसायटीच्या पार्किंगचा वादही मिटत नाही. पुढच्याच वर्षी 'हॅपी डेज' ही मालिका आली, पन्नासच्या दशकातल्या मिलवॉकीची. म्हणजे गृहस्थांचं रम्य बालपण हे दुसऱ्याचं रम्य बालपण टीव्हीवर बघण्यात गेलं. सांगायचं नाही. मी एकदा सांगितलं होतं, त्यानंतर दोन उन्हाळे आमंत्रण आलं नाही.

'हॅपी डेज'चा एक फायदा मात्र करून घ्या. १९७७ साली तिचा नायक फाँझी, अंगावर लेदर जॅकेट तसंच ठेवून, वॉटर स्कीवर उभा राहून शार्कवरून उडी मारून गेला. त्यावरून पुढे कुठल्याही गोष्टीची रया गेली की 'शार्कवरून उडी मारली' म्हणायचं, अशी इथली रीत. कंपनी, पक्ष, पिझ्झा, कशालाही चालतं. मालिका त्या उडीनंतर १९८४पर्यंत सुखात चालली, हे मनातच ठेवा.

वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवाचा विषय निघाला तर हजेरी मोजू नका. ऑगस्ट १९६९मध्ये तिथे चार लाखांहून जास्त लोक होते. मला आजवर भेटलेल्या साक्षीदारांच्या हिशेबाने आकडा बराच पुढे जातो, आणि त्यातले काही त्या वेळी पाळण्यात असणार. त्यांना विचारू नका, की वुडस्टॉक गावात नव्हे, ४० मैलांहून लांब बेथेलमधल्या एका डेअरीवाल्याच्या शेतात तुम्ही पोचलात कसे? गिटारवादक जिमी हेंड्रिक्स तर सोमवारी सकाळी वाजवायला उभा राहिला, तोवर बहुतेक गर्दी घरी गेली होती. पण भेटणारा प्रत्येक जण हेंड्रिक्स ऐकूनच परतलेला असतो.

डिस्कोबद्दल मत विचारलं तर आधी वय बघा. १२ जुलै १९७९ला शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचं खोकं स्फोटाने उडवलं. तबकडी आणणाऱ्याला तिकीट ९८ सेंट. लोक मैदानात घुसले, त्या दिवशीचा दुसरा सामना झालाच नाही, तो डेट्रॉईटला बहाल झाला. आज न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये सामन्याच्या मधेच मैदान सारखं करणारे कामगार त्याच काळातल्या 'वायएमसीए' या डिस्को गाण्यावर हात वर करून नाचतात, आणि गृहस्थ टाळ्या देतात.

संवाद फेकण्याच्या फंदात पडू नका. पहिल्याच वर्षी मी मीटिंगमध्ये घोगऱ्या आवाजात "ल्यूक, मी तुझा बाप आहे" म्हणालो. टेबल शांत. मग एकाने हळुवारपणे, जसं आजारी माणसाला सांगतात तसं सांगितलं, की 'स्टार वॉर्स'मधला डार्थ व्हेडर 'ल्यूक' म्हणतच नाही, तो म्हणतो "नाही, मी तुझा बाप आहे". चुकीचं अख्खा देश म्हणतो. पण चुकीचं म्हणण्याचा हक्क जन्माने मिळतो, व्हिसावर नाही.

सगळ्यात भरवशाचं काय, तर माहितीचा तुकडा. तो खरा असायला हवा असंही नाही. फ्रेड वर्थ नावाच्या गृहस्थाने क्षुल्लक माहितीचा कोश केला आणि चोर पकडायला त्यात एक थाप पेरली, की रेनकोटवाल्या डिटेक्टिव्ह कोलंबोचं पहिलं नाव फिलिप. मालिकेत त्याच्या ओळखपत्रावर फ्रँक दिसतं. पुढे 'ट्रिव्हियल पर्सूट' या प्रश्नोत्तरांच्या खेळाच्या कार्डावर उत्तर छापून आलं: फिलिप. वर्थने दावा ठोकला, हरला, अपिलातही हरला. माहिती ही कुणाच्या मालकीची नसते, म्हणे. स्वतः बनवलेली असली तरी.

हे वाचलं आणि मला मार्ग सापडला. गेल्या मेमध्ये ग्रिलपाशी मी सहज सोडून दिलं, की 'फ्रेंड्स'मधला तो नारिंगी सोफा पिट्सबर्गच्या एका हॉटेलच्या लॉबीतून आणला होता. शुद्ध थाप. ऑगस्टमध्ये तेच गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुला ठाऊक आहे का, तो सोफा पिट्सबर्गच्या हॉटेलातला. माझा मेव्हणा त्यावर बसलाय."

मी कणसाला लिंबू चोळत म्हटलं, "पिट्सबर्ग नव्हे हो, क्लीव्हलँड."

"हां, हां, क्लीव्हलँडच," ते म्हणाले, आणि तोंडाने सुस्कारा सोडला.