स्प्रिंग कापून रेसकार होत नसते

भुसावळच्या माझ्या भाच्याने जुनी मारुती ८०० घेतलीय. मागची सीट, मॅट, स्टेपनी, सगळं उतरवलंय, कोइमतूरच्या करी ट्रॅकवर पळवायची म्हणून. इथवर ठीक. परवा त्याने "मामा, बघ, फुकटात काम होतंय" म्हणत एक मेसेज पाठवला. जळगाव-धुळ्याच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांत तो कधीचा फिरतोय. सांगणं असं: स्प्रिंगचे दीड वेढे गॅस कटरने उडवा, गाडी जितकी खाली तितकी चांगली, स्प्रिंग जितकी कडक तितकी पकड जास्त, कंपनीचे शॉकअप (स्प्रिंगचे झटके आवरणारे शॉक अॅब्सॉर्बर) चालतात, चारही चाकं आणि त्यांच्या वरचा पत्रा यांतलं अंतर टेपने सारखं केलं की सेटिंग झालं.

आधी गॅस कटर, कारण जीव तिथेच जातो. जळगावच्या अजिंठा चौफुलीवर कुणीही वेल्डिंगवाला कापून देईल, प्रश्न तो नाही. स्प्रिंगच्या पोलादाला पाणी दिलेलं असतं, म्हणजे तापवून-थंड करून ताकद आणलेली असते. ज्योत लागली की ते त्या जागी उतरतं. मग ती स्प्रिंग तिथून बसते, नाहीतर तुटते. दुसरं, स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीत बसेल असं घडवलेलं असतं, कापलेलं टोक तसं बसत नाही. आणि सगळ्यात वाईट, स्प्रिंग आखूड झाली तरी शॉकअप पूर्वीइतकाच लांब उघडतो. चाक खड्ड्यात लटकलं किंवा ट्रॅकच्या कडेवरून उडालं की स्प्रिंग मोकळी होऊन जागेवरून सरकते. हे १०० च्या वेगात झालं तर? आणि भाचेसाहेब त्याच गाडीने बाजारातही जाणार!

खाली गाडी चांगली, हे अर्धं खरं आहे, मान्य. गुरुत्वमध्य ५०० मिलिमीटरवरून ४७५ वर आला तर वळणात बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार ५ टक्क्यांनी घटतो. बस, एवढंच. पण ८०० ला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग-शॉकअपचा एकच उभा खांब, आणि खाली चाकाला धरणारा दांडा, लोअर आर्म. गाडी फार खाली बसली की लोअर आर्म चाकाकडे वर चढतो, आणि रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणात कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली जातं. म्हणजे गाडी खाली येऊनही वळणात कलायची ओढ वाढते. शिवाय चाक दबताना त्याचा माथा बाहेर झुकू लागतो, टायर कडेवर घासतो. थोडं आणखी दबलं की बंपस्टॉप, म्हणजे शेवटचा रबरी अडसर, लागतो, आणि पुढची पकड एकदम सुटते.

कडक स्प्रिंगचा मुद्दा तर हलक्या गाडीला उलटाच लागू पडतो. कापल्याने स्प्रिंग कडक होते, हे खरं. कामाच्या सहा वेढ्यांतले दीड गेले की ताठपणा तिसऱ्या हिश्श्याने वाढतो. पण हिशेब वजनाशी जोडून करायचा असतो. चाकापाशी मिलिमीटरला २४ न्यूटन ताठपणा असेल (म्हणजे मिलिमीटरभर दाबायला २४ न्यूटन जोर), तर त्या कोपऱ्यावर २५० किलो असलेली गाडी सेकंदाला साधारण दीड वेळा झुलते, १५० किलोवाली दोनदा. तीच स्प्रिंग हलक्या गाडीत आपोआपच कडक! ट्रॅकला रस्त्यापेक्षा थोडी कडक लागते, पण इतकी नाही की टायर डांबर सोडून उड्या मारेल. १९६२ ची लोटस एलान ही इंग्लिश स्पोर्ट्सकार बघा. वजन सातशे किलोच्या आत, स्प्रिंगा मऊ, चाकांना वरखाली व्हायला भरपूर जागा. वळणात तिचं नाव आजही निघतं. लोटसचा संस्थापक कोलिन चॅपमन, त्याला कटर मिळाला नसेल का?

शॉकअपवर फार बोलत नाही. ताठ स्प्रिंगचा परतीचा झटका जुन्या शॉकअपला आवरत नाही, गाडी डुलत राहते.

राहिला टेप. फेंडरची (चाकावरच्या पत्र्याची) उंची सारखी म्हणजे चाकांवरचं वजन योग्य, असं नसतं. ड्रायव्हर उजवीकडे बसतो. सहाशे किलोच्या गाडीत ७० किलोचा माणूस काय थोडा झाला? सपाट जमिनीवर चारही चाकांखाली वजनकाटे ठेवायचे, ड्रायव्हर आत, टायरची हवा बरोबर, मग एकेका कोपऱ्याची उंची जराजराशी फिरवून तिरप्या जोड्यांचं (पुढचं डावं-मागचं उजवं, पुढचं उजवं-मागचं डावं) वजन जुळवायचं. डाव्या-उजव्या बाजूची एकूण वाटणी त्याने हलत नाही, त्यासाठी बॅटरीसारखं काहीतरी उचलून पलीकडे न्यावं लागतं. आणि भो, उंची फिरवायला स्प्रिंगखाली आटे पाडलेली बैठक लागते. कापलेल्या स्प्रिंगला फिरवायला काहीच नसतं; फार तर आणखी कापता येते.